पट्टी आहे की, साहेब

फौजदारी खटल्यात सगळ्यात कमी बोलणारा माणूस म्हणजे आरोपी. ज्याच्यासाठी एवढा पसारा मांडलाय तो मागं भिंतीला टेकून उभा असतो, पुकारा झाला की "हजर साहेब" म्हणतो, आणि त्याच्याविषयीचं सगळं दुसरेच बोलत असतात. फिर्यादी बोलतो, पंच बोलतात, डॉक्टर बोलतात, तपास अधिकारी बोलतो, दोन्हीकडचे वकील तर बोलतातच. माझी सगळी नोकरी सीमाभागातल्या कोर्टांत स्टेनो म्हणून गेली. डायसच्या खाली, साक्षीदाराच्या पिंजऱ्याला लागून माझं टेबल. साक्षीदाराच्या कपाळावरचा घाम आधी मला दिसायचा, मग न्यायाधीशांना. तरीसुद्धा सरकारी वकिलानं आरोपीला उलटतपासात धरलंय, असा प्रसंग माझ्या वाट्याला फार थोडा आला. लोकांना हे पटत नाही. बेळगावच्या शहापुरात आमच्या गल्लीत कुणाची केस निघाली की कुणीतरी विचारतंच, "अक्का, त्याला उभा करून चार आडवेतिडवे प्रश्न विचारले की खरंखोटं बाहेर येत नाही होय?"

येतं कधीमधी. पण आधी तो उभा राहायला पाहिजे, आणि उभं राहायची सक्ती त्याच्यावर नाही. राज्यघटनेच्या कलम २० (३) नं आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. सरकार पक्षाचा पुरावा संपला की न्यायाधीश स्वतः त्याला प्रश्न विचारतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ३१३ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्यात ते ३५१ झालं. कोर्टात अजून सगळे 'तीनशे तेरा'च म्हणतात. त्यात शपथ नाही, उलटतपास नाही, खोटं उत्तर दिलं म्हणून शिक्षाही नाही. पुराव्यात त्याच्या विरोधात जे जे आलंय ते एकेक करून त्याच्यापुढं ठेवायचं आणि तुझं काय म्हणणं आहे ते विचारायचं. जी गोष्ट अशी पुढं ठेवली नाही ती त्याच्याविरुद्ध वापरायची नाही, असं सुप्रीम कोर्टानं १९८४ च्या सारडा खटल्यात बजावलंय. म्हणून या प्रश्नांची यादी लांबत जाते. ती टाईप करताना माझी बोटं दुखायची, आणि उत्तरं मात्र ठरलेली: "खोटं आहे." "माहीत नाही." "खोटं आहे." वकिलानं आदल्या दिवशी घोकून घेतलेली. एका पठ्ठ्यानं तर "तुमचं गाव अमुक, हे खरं काय?" यालाही "खोटं आहे साहेब" म्हणून टाकलं होतं.

ज्याला यापलीकडं जाऊन आपली बाजू शपथेवर सांगायची आहे, त्याला वाट आहे. जुनं ३१५, आताचं ३५३. पण अर्ज त्यानंच लेखी करायचा. केला नाही, तर "बघा, हा गप्प बसलाय" असं सरकारी वकिलानं म्हणायचं नाही आणि कोर्टानंही त्यावरून काही गृहीत धरायचं नाही. अर्ज करून पिंजऱ्यात गेला की मात्र तो इतर साक्षीदारांसारखाच एक साक्षीदार. आधी त्याचा वकील सरतपास घेणार, मग सरकारी वकील उलटतपासाला उठणार. सरतपासात सूचक प्रश्न चालत नाहीत, उलटतपासात खुशाल चालतात. म्हणजे "त्या दिवशी तुम्ही शेतावर होता, बरोबर?" असं उत्तर तोंडात घालून विचारायची मुभा सरकारी वकिलाला, आणि "त्या दिवशी कुठं होता?" एवढ्यावरच भागवायचं आरोपीच्या स्वतःच्या वकिलानं.

ही वाट तशी अलीकडची. गंमत बघा, इंग्लंडात १८९८ साली कायदा करून आरोपीला स्वतःच्या बचावासाठी शपथेवर बोलायची मोकळीक दिली; त्याच इंग्रजांनी त्याच १८९८ साली हिंदुस्थानसाठी केलेल्या फौजदारी संहितेत आरोपीला शपथ द्यायचीच नाही असं लिहून ठेवलं. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांनी सरकारी भाषांतरकाराचा उलटतपास स्वतः घेतला, पुढं ज्यूरीसमोर एकवीस तासांवर भाषण केलं, पण शपथ घेऊन स्वतः साक्षीदार होण्याची सोयच त्यांना नव्हती. (आमच्या बेळगावात १ मे १९१६ ला त्यांनी होमरूलवर व्याख्यान दिलं, त्यावरूनही खटला झाला, आणि त्यातून मात्र हायकोर्टानं त्यांना सोडवलं. बेळगावकर ही गोष्ट सांगितल्याशिवाय राहत नाहीत, मी तरी का राहू?) स्वतंत्र भारतात १९५५ च्या दुरुस्तीनं आरोपीला तो हक्क मिळाला. सत्तर वर्षं होत आली तरी वकील मंडळींना तो पचलेला दिसत नाही. "कशाला आगीत हात घालायचा? शाबीत त्यांनी करायचंय, आपण नाही," हे वाक्य मी बार रूमच्या दारातून इतक्यांदा ऐकलंय की आता मीही तेच सांगते.

तरी काही जण हट्टाला पेटतात. असा एक आरोपी मला अजून स्पष्ट आठवतो. कोर्ट कुठलं, साल कुठलं हे राहू दे. डोंगराच्या बाजूच्या एका गावचा, पन्नाशीचा कुळवाडी. बांधावरून भाऊबंदकीची मारामारी झाली, एकाच्या डोक्यात कोयता बसला, आणि मारणाऱ्यांत याचं नाव आलं. याचं म्हणणं, मी त्या सकाळी गावातच नव्हतो, बेळगावच्या मार्केट यार्डात रताळी घालायला आलो होतो. आमच्या पश्चिमेकडच्या लाल मातीत रताळी चांगली येतात, आणि हंगामात टेम्पोच्या टेम्पो यार्डात येतात, त्यामुळं सांगणं काही अचाट नव्हतं. वकिलाच्या मनात त्याला उभं करायचं नव्हतं. हाच ऐकेना. "माझ्या तोंडानं सांगतो की. मी चोर हाय होय?"

सरतपास पाच मिनिटांत संपला. मग सरकारी वकील उठले. ते आवाज चढवणाऱ्यांतले नव्हते; चष्मा पुसत पुसत, पाहुण्याची विचारपूस करावी तसं विचारायचे. अशा वकिलांची मला जास्त धास्ती वाटायची.

किती पोती होती? नऊ. टेम्पो कुणाचा? गावातल्याच एकाचा. बरोबर कोण होतं? टेम्पोवाला आणि आणखी दोघांचा माल. किती वाजता निघालात? "तांबडं फुटायच्या आत." मघाशी तुमच्या वकिलांना तर सात म्हणालात. "सात म्हंजे यार्डात पोचल्यावर, साहेब." मघाशी सातला निघालो असं लिहून घेतलंय. तो माझ्या टेबलाकडं बघायला लागला. मी लिहिलेलं खरंच तसं होतं, कारण न्यायाधीशांनी मला तसंच सांगितलं होतं, आणि त्यांनी तसं सांगितलं कारण तो बोलला होता ते निघणं-पोचणं सगळं एकाच वाक्यात गुंतलेलं होतं.

"मनगटावर घड्याळ असतं का तुमच्या?"

"नाही साहेब."

"मग सात वाजले हे कसं कळलं?"

काय सांगणार? खेड्यातल्या माणसाची वेळ एसटीच्या गाडीवर, देवळातल्या भोंग्यावर आणि उन्हावर चालते, आणि कोर्टाची वेळ कागदावर. इथपर्यंत सरकारी वकिलांनी बाजी मारली होती. मग त्यांनी विचारलं, "रताळी विकली म्हणता, तर अडत्यानं वजन-हिशेब लिहून दिलेली पट्टी असेल ना? का तीही नाही?"

"पट्टी आहे की, साहेब."

त्याचा वकील खाली मान घालून बसला. पट्टी आहे हे त्याला माहीत होतं, आणि ती त्यानं मुद्दामच दाखल केली नव्हती. कारण पुढच्याच प्रश्नात आलं. पट्टी कुणाच्या नावावर? "थोरल्याच्या." म्हणजे तुमच्या नाही? "खातं थोरल्याच्या नावावर हाय साहेब. माल एकीतलाच." जमिनीचा उतारा थोरल्या भावाच्या नावावर, म्हणून अडत्याकडं खातं त्याच्या नावावर, म्हणून पट्टी त्याच्या नावावर. आपल्या भागात एकत्र घरातल्या निम्म्या पट्ट्या अशाच निघतील. पण कागद म्हणत होता की रताळी घेऊन थोरला आला होता.

आणि तेवढ्यात न विचारता तो बोलला. म्हणाला, एका पोत्याची शिवण उसवली, रताळी खाली सांडली, हमालाशी वाजलं, त्या पोत्याचं वजन वेगळं करून अडत्यानं त्यात जास्तीचा कडता, म्हणजे वजनातली कपात, धरला, बघा पट्टीत. पट्टी त्याच्या आतल्या खिशातच होती. न्यायाधीशांनी मागून घेतली. आठ पोत्यांची वजनं एकाखाली एक होती आणि नववं खाली, थोडं अंतर सोडून, तिरकं लिहिलेलं. कोर्टात क्षणभर सगळ्यांनाच वाटलं की हा माणूस तिथं होता. भांडण कशावरून झालं, कुठलं पोतं, कोण काय म्हणालं, हे कुणी शिकवून पाठवत नाही. शिकवलेला साक्षीदार मोठ्या गोष्टी पाठ करून येतो. तारीख, वार, हत्यार, किती अंतरावरून पाहिलं हे त्याला बिनचूक येतं, आणि पायात चप्पल होती का, म्हटलं की तो वकिलाच्या तोंडाकडं बघायला लागतो.

पण सरकारी वकीलही मुरलेले होते. चष्मा डोळ्यांवर चढवून शांतपणे म्हणाले, "हे सगळं संध्याकाळी घरी आल्यावर थोरल्या भावानं तुम्हाला सांगितलं. तुम्ही यार्डात गेलाच नव्हता."

"न्हाई साहेब."

याला पुढं काय विचारणार? काही नाही. पोतं उसवल्याचं त्यानं पाहिलं की ऐकलं, हे जगातल्या कुठल्याही उलटतपासाला त्या खोलीत बसून ठरवता आलं नसतं. हकीकत खरी होती, एवढं दिसलं. ती सांगणाऱ्याची होती का, हे दिसलं नाही. आरोपीची विश्वासार्हता म्हणजे त्याच्या अंगात असलेला काहीतरी गुण आणि वकील तो खरवडून बघतो, असं आपण समजतो. मला तसं कधी वाटलं नाही. तपासली जाते ती हकीकत. ती आजूबाजूच्या कागदांशी, इतरांच्या सांगण्याशी आणि तिच्याच मागच्यापुढच्या भागांशी जुळते का, एवढंच. माणूस त्या हकीकतीच्या मागं कुठंतरी उभा असतो, आणि पुष्कळदा तसाच राहतो.

निकाल लागला तेव्हा तो सुटला. पण यार्डामुळं नाही. जखमी साक्षीदाराचं सांगणं आणि डॉक्टरांचा दाखला जुळले नाहीत, पंच फितूर झाले, आणि संशयाचा फायदा सगळ्यांना मिळाला. आरोपी अन्यत्र असल्याचा बचाव पुरेसा शाबीत झाला नाही, पण त्यानं फरक पडत नाही, अशी दीड ओळ. एवढी दुपार दीड ओळीत गेली. मीच टाईप केली.

टाईप करण्यावरून सांगते. साक्ष साधारणपणे हकीकतीच्या रूपात लिहायची असते, प्रश्नोत्तरांच्या रूपात नाही; प्रश्न जसाच्या तसा घ्यायचा की नाही हे न्यायाधीशांच्या मर्जीवर. त्यामुळं कागदावर फक्त उत्तर उरतं: "मी त्या दिवशी गावात होतो असे म्हणणे खरे नाही." हे वाक्य आरोपी बोललेलाच नसतो. तो बोललेला असतो "न्हाई", किंवा नुसती मान हलवलेली असते. वकिलानं तोच प्रश्न तीनदा फिरवून विचारला, तिसऱ्यांदा माणूस चिडला, चिडून म्हणाला "आता किती वेळा सांगू", यातलं काहीच त्या वाक्यात नसतं. अपिलात धारवाडच्या खंडपीठात बसलेले न्यायमूर्ती वाचणार ते हे. आरोपी अडखळला, पाणी मागितलं, हे त्यांना कळायचं कसं? कायद्यात सोय आहे. साक्षीदाराच्या वागण्याबद्दल महत्त्वाचं वाटेल ते न्यायाधीशांनी शेरा म्हणून नोंदवावं, पूर्वी कलम २८०, आता ३१५. असा शेरा मी क्वचितच टाईप केला.

आणि केला नाही हे बरंच झालं, असं मला वाटतं. अडखळणं म्हणजे खोटं, हा हिशेब इतका सोपा नाही. बाँड आणि डीपॉलो या दोन अमेरिकी संशोधकांनी २००६ साली आधीचे कितीतरी अभ्यास एकत्र करून बघितलं. समोरचा खरं बोलतोय की खोटं, हे नुसतं बघून-ऐकून ओळखणाऱ्यांचा अंदाज सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर आला. डोळे मिटून सांगितलं असतं तरी ५० टक्के आलाच असता. पिंजऱ्यात हात थरथरणारी माणसं मी खूप पाहिली. त्यातली निम्मी आयुष्यात पहिल्यांदा कोर्टाची पायरी चढलेली असायची. ज्यांचे हात थरथरत नव्हते त्यांना शिपाईसुद्धा नावानं ओळखायचा.

आमच्या भागात त्यात आणखी एक घोळ. आरोपी मराठी, वकील मराठी, कोर्टाचं कामकाज कन्नडमध्ये, आणि न्यायाधीश कधी म्हैसूरकडून तर कधी मंगळूरकडून बदलून आलेले. मी मराठी शाळेत शिकले आणि कन्नड टायपिंग पोटासाठी शिकले, त्यामुळं मला दोन्ही बाजू कळायच्या. उलटतपासाचा सगळा जोर वेगात असतो. पहिल्या उत्तराची शाई वाळायच्या आत दुसरा प्रश्न यायला हवा. मधे दुभाष्या आला की तो वेग मरतो. प्रश्न कन्नडमध्ये झाला, बेंच क्लार्कनं तो मराठीत सांगितला, तोवर प्रश्न दोनदा ऐकलेला हुशार साक्षीदार उत्तर जुळवून तयार. ज्याला कन्नड अजिबात येत नाही त्या गरिबाचं उलटं होतं: आपल्याविषयी काहीतरी चाललंय एवढंच त्याला कळतं, आणि भेदरून तो भलतंच बोलून बसतो.

चारित्र्याचा मुद्दाही इथं वेगळा होतो. आरोपीचं पूर्वीचं वाईट वर्तन सरकार पक्षाला पुराव्यात आणता येत नाही; पण त्यानं आपणहून "मी चांगला माणूस" असा पुरावा दिला की त्याला उत्तर म्हणून ते आणता येतं. हे नियम नव्या साक्ष अधिनियमात कलम ४७ आणि ४९ मध्ये आहेत. एकजण फुशारकीनं म्हणाला, "माझ्यावर आजपर्यंत एक केस नाही." सरकारी वकिलांनी लगेच विचारलं, बेकायदा जमावाची ती जुनी केस कुणावर होती? होती खरी, सीमाप्रश्नाच्या आंदोलनातली. १ नोव्हेंबरला काळा दिन पाळायचा, सायकल फेरीत जायचं, आणि त्यातून जमावबंदी मोडल्याची एखादी केस अंगावर घ्यायची, हे इथल्या घराघरांत घडलेलं आहे. येळ्ळूरला २०१४ साली 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेला फलक हटवला तेव्हाची लाठी कुणी विसरलेलं नाही. त्या माणसाच्या मनात ती केस 'केस' नव्हतीच. गावात तिच्याबद्दल त्याचा सत्कार झाला असणार. पण प्रश्न रीतसर होता, उत्तर खोटं ठरलं, आणि मारामारीच्या खटल्यात तो खोटारडा दिसला. सरकारी वकिलांनी काही गैर केलं असंही मला म्हणवत नाही. उत्तर होतंच चुकीचं.

आरोपीनं तोंड उघडलं नाही तरी त्याचा तपास चुकत नाही, हेही सांगायला हवं. त्याची परीक्षा त्याच्या वकिलाच्या तोंडून चालूच असते. फिर्यादीच्या उलटतपासात बचावाचा वकील आपली बाजू सूचनांच्या रूपात घालतो: तुम्ही दारू प्यायला होता, तुम्हीच आधी काठी उगारली, म्हणून माझ्या पक्षकारानं ढकललं. साक्षीदार म्हणतो खोटं आहे, पुढं चला. पण "ढकललं" म्हणताना वकिलानं आरोपीला जागेवर नेऊन उभं केलं, आणि नंतर तीनशे तेराला तो "मी तिथं नव्हतोच" म्हणाला की दोन्ही गोष्टी हातच्या गेल्या. २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या एका खून खटल्यात सुप्रीम कोर्टानं स्पष्टच म्हटलं की बचावाच्या वकिलानं घातलेली सूचना आरोपीला गोवणारी असेल तर ती त्याला बांधून घालते. नवशिक्या वकिलांना मी दबक्या आवाजात म्हणायची, "बाळ, दोन बचाव एकदम नको घेऊ." ऐकणारे ऐकायचे. बाकीचे "अक्का, तुम्ही टाईप करा" म्हणायचे.

सध्या गल्लीतल्या एका पोराची केस चालू आहे. दुकानातल्या हिशेबात अफरातफर केल्याचा आरोप, आणि त्याला शपथेवर बोलायचंच आहे. त्याची आई माझ्याकडं आली होती. मी त्याला बोलावून घेतलं आणि माझ्या जुन्या सवयीनं साधेच प्रश्न विचारले. दुकानाची किल्ली कुणाकडं असायची, वही कुठल्या रंगाची, शनिवारी बंद किती वाजता करायचास, मालक त्या दिवशी जेवायला घरी गेले होते की डबा आला होता. पहिल्या तीन प्रश्नांना सरळ उत्तरं आली. डब्याला त्यानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "मावशी, हे असलं कोण विचारतंय?"

मी म्हटलं, तेच विचारतील, आणि आठवत नसेल तर आठवत नाही म्हण, जुळवू नकोस. त्याच्या वकिलाला हे कळलं तेव्हा तो माझ्यावर वैतागला. पोरानं अर्ज दिलाय. गेल्या तारखेला सरकारी वकील रजेवर होते, पुढची तारीख गणपती झाल्यावरची पडली आहे.